अनुकृतीचे शिंपले: पॉलिमर क्लेची शोभिवंत चौकट

शंखशिंपल्यांनी घरातील वस्तू सजवण्याची रीत समुद्रकाठच्या अनेक समाजांत जुनी आहे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी प्लॅकुना प्लॅसेंटा या शिंपल्याच्या अर्धपारदर्शक चकत्या बसवलेल्या आजही पाहायला मिळतात. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गुजरातेत मोतीशिंपल्याचे तुकडे जडवलेल्या पेट्या तयार होऊन युरोपात जात. आणि एकोणिसाव्या शतकात कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर रंगीबेरंगी शिंपल्यांची नक्षी भरलेल्या अष्टकोनी लाकडी पेट्या खलाशांना विकल्या जात, ज्या पुढे 'सेलर्स व्हॅलेंटाइन' या नावाने संग्राहकांत प्रसिद्ध झाल्या. चित्राची किंवा छायाचित्राची शिंपल्यांनी मढवलेली चौकट हा याच परंपरेचा घरगुती आविष्कार आहे. पॉलिमर क्ले या आधुनिक माध्यमामुळे अशी चौकट समुद्रातील एकही शिंपला न वापरता करता येते. मात्र अनुकृती साधायची तर केवळ बाह्यरूपाची नक्कल पुरेशी होत नाही. शिंपला ज्या क्रमाने आणि ज्या नियमांनी वाढतो तो क्रम हातांनी पुन्हा करावा लागतो, आणि या प्रकरणात सांगितलेली सारी कृती याच तत्त्वावर उभी आहे.

अनुकृती कशासाठी

शिंपल्याचा प्राणी मेला तरी शिंपल्याचे काम संपत नाही. दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या हर्मिट क्रॅब या खेकड्यांना रिकामे शंख लागतात, लहान जिवांना व शैवालांना त्यांच्यावर आधार मिळतो, आणि झिजून बारीक झालेले शिंपले किनाऱ्याच्या वाळूत भर घालतात. स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतातील लार्गा किनाऱ्यावर १९७८ ते १९८१ आणि पुन्हा २००८ ते २०१० या काळांत केलेल्या नोंदींची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात किनाऱ्यावरील शिंपल्यांचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आणि त्याच अवधीत तेथील पर्यटन जवळजवळ तिपटीने वाढल्याचे दिसून आले. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ मध्ये समुद्री मृदुकाय प्राण्यांच्या काही जाती समाविष्ट करण्यात आल्या. चेंबर्ड नॉटिलस, ट्रायटन शंख, शिंगे असलेला हेल्मेट शंख आणि महाकाय शिंपला यांचा त्यांत अंतर्भाव असल्याने अशा शंखशिंपल्यांची खरेदी-विक्री कायद्याने निषिद्ध आहे. जे शंख दिसायला सर्वांत देखणे आणि चौकटीवर सर्वांत शोभणारे, नेमके तेच दुर्मीळ झालेले असल्यामुळे अनुकृतीला येथे केवळ हौसेपेक्षा अधिक अर्थ प्राप्त होतो.

अनुकृतीच्या या मार्गाला थोर पूर्वजही आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच कुंभार बेर्नार पालिसी हा खऱ्या शंखांचे, माशांचे आणि वनस्पतींचे साचे घेऊन त्यांपासून उठावदार आकृत्यांची चकाकती भांडी बनवत असे. शंखांचे आकार वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या या कारागिराने १५८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खडकांत सापडणारे शिंपल्यांचे आकार हे निसर्गाचे खेळ नसून एके काळी जिवंत असलेल्या प्राण्यांचे अवशेष आहेत. जीवाश्मांविषयीचे हे मत त्या काळात धाडसाचे होते, आणि अनुकृतीसाठी केलेले निरीक्षण ज्ञानापर्यंत कसे पोहोचते याचा तो उत्तम दाखला आहे.

पॉलिमर क्ले म्हणजे काय

क्ले हे नाव असले तरी या पदार्थात माती नसते आणि पाणीही नसते. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे नळांसाठी वापरतात तेच पीव्हीसी, अतिशय बारीक कणांच्या रूपात घेऊन त्यात प्लॅस्टिसायझर, म्हणजे कडक प्लॅस्टिकला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य, तसेच भरणद्रव्ये आणि रंग मिसळले की हा लगदा तयार होतो. पाणी नसल्यामुळे तो हवेत वाळत नाही आणि कित्येक दिवस घडवण्याजोगा राहतो. ठरावीक तापमानाला भाजला म्हणजे प्लॅस्टिसायझर पीव्हीसीच्या कणांत शिरते, कण फुगून एकमेकांत मिसळतात आणि थंड झाल्यावर एकसंध, टणक वस्तू हाती येते. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या कन्या सोफी, ज्यांना घरात फिफी म्हणत, यांनी अशा मिश्रणावर दीर्घकाळ प्रयोग केले. ते सूत्र १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने विकत घेतले आणि त्यातूनच फिमो ही आज जगभर मिळणारी क्ले बाजारात आली. पूर्वी प्लॅस्टिसायझर म्हणून फ्थॅलेट वर्गातील रसायने सर्रास वापरली जात. युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये मुलांच्या खेळण्यांतील काही फ्थॅलेटांवर निर्बंध घातल्यावर प्रमुख उत्पादकांनी आपली मिश्रणे बदलली. तरीही क्लेसाठी वापरलेली लाटणी, सुऱ्या आणि ताटे पुन्हा स्वयंपाकात आणू नयेत हा नियम कायम पाळावा.

शिंपला कसा वाढतो

मृदुकाय प्राण्याच्या अंगावर प्रावार नावाचे एक मऊ आवरण असते, आणि या आवरणाच्या कडेतून कॅल्शियम कार्बोनेट व प्रथिने पाझरून शिंपल्याच्या काठावर नवा थर चढत जातो. याचा अर्थ असा की शिंपला मधून फुगत नाही. एकदा तयार झालेला भाग जसाच्या तसा राहतो आणि भर पडते ती फक्त काठाला. शिंपल्यावरील प्रत्येक समकेंद्री रेघ म्हणजे केव्हातरी त्याचा काठ होता. प्राणी लहान असताना वाढ वेगाने होते, म्हणून या रेघा शेंड्याजवळ एकमेकींपासून दूर असतात आणि वय वाढेल तशा काठाकडे दाटत जातात. रंगद्रव्यही काठावरच पडत असल्याने, काठाच्या एकाच ठिकाणाहून ते सतत पाझरत राहिले तर शेंड्यापासून काठापर्यंत जाणारा पट्टा उमटतो आणि सगळ्या काठावरून थांबून थांबून पाझरले तर काठाला समांतर वलये उमटतात. यांपैकी कोणत्याही रचनेत न बसणारे, मन मानेल तसे ओढलेले पट्टे कितीही सुबक असले तरी पाहणाऱ्याच्या डोळ्याला खोटे वाटतात.

शंखाच्या बाबतीत हीच वाढ वळत वळत होते आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यापेक्षा ठरावीक प्रमाणात मोठा होतो. आकार वाढत असतानाही रूप तेच राखणाऱ्या या वळणाला लॉगरिदमिक सर्पिल म्हणतात. इंग्लंडमधील हेन्री मोझली यांनी १८३८ मध्ये शंखांच्या या भूमितीचे गणिती विवेचन केले, आणि अमेरिकेतील जीवाश्मशास्त्रज्ञ डेव्हिड राउप यांनी १९६६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने असे दाखवले की मोजक्या चार राशी बदलत गेल्या तर शंखशिंपल्यांचे बहुतेक आकार मिळू शकतात. कारागिराला गणित करावे लागत नाही, पण वेढा मोठा होण्याचे प्रमाण मध्येच बदलले की शंख वेडावाकडा दिसतो, एवढे मात्र त्याने लक्षात ठेवावे लागते.

वळणाच्या दिशेचा मुद्दा चौकटीसाठी विशेष महत्त्वाचा आहे. शंखाचा कळस वर आणि तोंड पाहणाऱ्याकडे धरले असता बहुतेक जातींत तोंड उजव्या हाताला येते. पूजेत वापरला जाणारा टर्बिनेला पायरम या जातीचा शंखही याला अपवाद नाही. ज्या शंखाला दक्षिणावर्ती म्हणून मोठा मान मिळतो तो याच जातीतील विरळ, उलट्या वळणाचा शंख असतो, आणि परंपरेने तो कळस खाली धरून पाहिला जात असल्याने त्याचे तोंड उजवीकडे दिसते. चौकटीच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून डावीकडील शंख उजवीकडील शंखांच्या आरशातील प्रतिमेसारखे वळवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु निसर्गात अशी जोडी जवळजवळ आढळत नाही. तोल साधायचा असेल तर तो द्विदल शिंपल्यांनी साधावा, कारण त्यांच्या डाव्या व उजव्या शिंपा बहुतेक जातींत खरोखरच एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या असतात.

चौकटीची पूर्वतयारी

पायासाठी रंगरोगण न लावलेली लाकडी किंवा एमडीएफची, निदान पाच सेंटिमीटर रुंद पट्टीची चौकट निवडावी. प्लॅस्टिकची चौकट भट्टीत वितळते आणि वॉर्निश लावलेल्या लाकडावर बुडबुडे येतात. काच व मागची फळी काढून ठेवावी, आणि लाकडातील ओल भाजणीच्या वेळी वाफ होऊन क्लेखाली फुगवटे आणू नये म्हणून नुसती चौकट आधी १२० अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून घ्यावी. ती थंड झाल्यावर तिच्यावर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात फिरवून पूर्ण वाळू द्यावा, कारण क्ले लाकडाला आपणहून नीट धरत नाही आणि गोंदाचा वाळलेला पापुद्रा तिला पकड देतो. त्यावर वाळूच्या रंगाच्या क्लेचा दोन मिलिमीटर जाडीचा थर मधून काठाकडे दाबत बसवावा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. मागच्या बाजूला काच जिथे टेकते त्या खाचेत क्लेचा कणही जाता कामा नये, अन्यथा चौकट पूर्ण झाल्यावर काच बसत नाही.

एकेक शिंपला घडवताना

घडवण्यापूर्वी क्ले कणकेसारखी मळून घ्यावी लागते. मळल्याने तिच्यातील प्लॅस्टिसायझर सर्वत्र सारखे पसरते आणि ती न चिरता वळते. हे काम हातांनी होते, तरी दोन रुळांमधून क्ले लाटणारे पास्ता मशीन असल्यास थरांची जाडी एकसारखी राखणे सोपे जाते.

द्विदल शिंपल्यासाठी सुमारे दीड सेंटिमीटर व्यासाची गोळी एका टोकाला निमुळती करून तीन मिलिमीटर जाडीपर्यंत चपटी करावी आणि चमच्याच्या पाठीवर ठेवून तिला बाक द्यावा. विणकामाची सुई निमुळत्या शेंड्यावर टेकवून काठाकडे आडवी दाबत नेली की पन्हळ उमटते. सगळ्या पन्हळी शेंड्यातूनच निघाल्या पाहिजेत आणि काठाकडे रुंदावत गेल्या पाहिजेत. त्यानंतर काठाला समांतर अशा वाढीच्या रेघा सुरीच्या बोथट धारेने हलक्या हाताने काढाव्यात आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या काठाजवळ दाट ठेवाव्यात.

साचा घेऊनही शिंपले करता येतात आणि कोकणात त्यासाठी किनाऱ्यावर जाण्याचीही गरज पडत नाही. जेवणातील तिसऱ्या व कालवे खाऊन झाल्यावर उरणारे शिंपले उकळून, घासून आणि पूर्ण वाळवून घेतले म्हणजे त्यांच्यासारखे नमुने दुसरे नाहीत. क्लेच्या जाड गोळ्यावर मक्याचे पीठ भुरभुरून त्यात शिंपला दाबावा, सरळ वर उचलून घ्यावा आणि उमटलेला ठसा भाजून पक्का करावा. पुढे याच साच्यात पीठ लावून हवे तितके शिंपले काढता येतात. वळणदार शंखाचा मात्र असा अखंड साचा निघत नाही, कारण कडक झालेला साचा वेढ्यांच्या खाचांमध्ये अडकून बसतो.

म्हणून शंख हातानेच वळावा लागतो. साधारण पंधरा सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला सुईएवढी बारीक आणि दुसऱ्या टोकाला बोटाएवढी जाड होत जाणारी वळी करावी. जाडी वाढण्यात कुठेही धक्का नसावा, कारण शंखाचे प्रमाण याच वळीत ठरते. बारीक टोकापासून सुरुवात करून, कळसाकडून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या थोडा खाली आणि बाहेर बसवत जावे, आणि शेवटचे जाड टोक दाभणाच्या मागच्या बाजूने पोकळ करून त्याचे तोंड उघडावे. शंख मोठा असेल तर आत अॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा घट्ट गोळा घालावा. त्यामुळे वजन कमी होते आणि क्लेचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा राहून नीट भाजला जातो.

कालवाचा शिंपला याच्या अगदी उलट प्रकृतीचा असतो. तो खडकाला चिकटून, मिळेल त्या जागेत वाढत असल्याने त्याला ठरावीक रूप नसते. पांढऱ्या, करड्या आणि अर्धपारदर्शक क्लेचे कागदाएवढे पातळ तुकडे कापण्याऐवजी फाडून, प्रत्येक वरचा तुकडा खालच्यापेक्षा लहान ठेवत एकावर एक रचले की कालवाच्या थराथरांच्या कडा हुबेहूब साधतात. कवडीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. जिवंत कवडीचा प्रावार दोन्ही बाजूंनी शिंपल्यावर चढून त्याला बाहेरूनही झाकतो, म्हणूनच कवडीची पाठ जन्मतः चकचकीत असते, आणि अनेक जातींत प्रावाराच्या दोन कडा जिथे भेटतात तिथे पाठीवर एक फिकट रेषा राहते. अंड्याच्या आकाराच्या गोळीच्या पोटावर लांबट फट पाडून, तिच्या दोन्ही काठांवर सुईने दाते उमटवून आणि पाठीवर ती फिकट रेषा राखून केलेली कवडी जाणकारालाही क्षणभर थांबवते.

रंग आणि मोत्याची झळाळी

शिंपल्याच्या आतील मोतीथर अॅरागोनाइट नावाच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या चपट्या स्फटिकांचा बनलेला असतो. सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या या चकत्या प्रथिनांच्या अतिपातळ पापुद्र्यांसह एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग उजळतात तर काही मावळतात. प्रकाशाच्या या वर्तनाला व्यतिकरण म्हणतात. मोतिया रंगाच्या क्लेमध्ये अभ्रकाचे चपटे कण असतात. ही क्ले एकाच दिशेने पुन्हापुन्हा लाटली असता ते कण पृष्ठभागाला समांतर निजतात आणि झळाळी येते, मात्र तीच क्ले कापली तर कापलेली कड मंद दिसते. शिंपल्याची आतली बाजू म्हणूनच लाटलेल्या पापुद्र्यानेच मढवावी, चुरगळलेल्या क्लेने नव्हे.

पांढऱ्यातून गुलाबीत किंवा बदामीत हळुवार उतरणारी छटा मिळवण्यासाठी स्किनर ब्लेंड ही पद्धत वापरतात, जी अमेरिकेतील ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखली जाते. दोन रंगांचे काटकोन त्रिकोण कर्णाला कर्ण जोडून आयत करावा, तो खालून वर दुमडून त्याच घडीच्या बाजूने लाटावा आणि हीच क्रिया वीस-पंचवीस वेळा करावी. घडीची दिशा एकदा जरी चुकली तरी छटा बिघडते. शिंपल्याचा शेंडा गडद आणि काठ फिका, किंवा त्याउलट, अशा रीतीने ही पट्टी वापरली म्हणजे रंग वाढीच्या दिशेनेच उतरतो. बाहेरून वापरायची अभ्रकपूड किंवा किसलेल्या कोरड्या खडूची पूड कच्च्या क्लेवर मऊ कुंचल्याने लावावी, म्हणजे ती भाजणीत पक्की होते.

मांडणी

चौकट चित्रासाठी असते, शिंपल्यांसाठी नव्हे, हे भान मांडणीत सर्वांत आधी ठेवावे लागते. मोठे शंख खालच्या एका कोपऱ्यात आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात एकवटावेत, मध्यम शिंपले त्यांच्यापासून दूर जाताना विरळ होत जावेत, आणि आतल्या कडेलगतची साधारण अर्धा सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी म्हणजे चित्रावर सावली पडत नाही. भरतीने वाळूवर सोडलेल्या शिंपल्यांत पालथे अधिक आणि उताणे थोडे असतात, त्यामुळे मोतीथर दाखवणारे उताणे शिंपले मोजकेच ठेवावेत. प्रत्येक शिंपल्याखाली द्रव पॉलिमर क्लेचा थेंब लावून तो दाबावा. साच्यातून काढून आधीच भाजलेले शिंपले कच्च्या थरावर बसवतानाही हाच द्रव सांधा धरतो.

भाजणी आणि शेवटचा हात

बहुतेक प्रकारची क्ले ११० ते १३५ अंश सेल्सियसच्या दरम्यान भाजली जाते आणि नेमके तापमान वेष्टनावर छापलेले असते. घरगुती ओटीजीच्या बटणावरील आकडा प्रत्यक्ष तापमानापेक्षा बराच वेगळा असू शकतो, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवणे अत्यावश्यक आहे. सहा मिलिमीटर जाडीला निदान अर्धा तास हा हिशेब धरून, भट्टी आधी तापवून, चौकट चिनी मातीच्या फरशीवर ठेवून आणि वरून अॅल्युमिनियमच्या कागदाची सैल छत्री करून भाजावे. कमी भाजलेली क्ले बाहेरून पक्की वाटली तरी ठिसूळ राहते आणि शिंपल्यांच्या पातळ कडा पुढे तुटतात. उलट तापमान १७५ अंशांच्या पुढे गेले तर पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा घशाला व डोळ्यांना झोंबणारा वायू सुटू लागतो. तसे झाल्यास भट्टी बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे. मायक्रोवेव्ह या कामासाठी कधीही वापरू नये. भाजलेली चौकट भट्टीतच सावकाश निवू द्यावी, म्हणजे लाकूड पिळवटत नाही आणि क्लेला तडे जात नाहीत.

निवल्यावर गडद तपकिरी अॅक्रिलिक रंग पन्हळींत भरून ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्यावा. खाचांत उरलेला रंग रेघांना खोली देतो. घासकाम करायचे असल्यास ते पाण्याखाली करावे, म्हणजे प्लॅस्टिकची धूळ हवेत उडत नाही. चकाकीचा लेप सरसकट न देता जिथे खरा शिंपला चकाकतो तिथेच, म्हणजे कवडीच्या पाठीवर आणि उताण्या शिंपल्याच्या आत, पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचा द्यावा. नेलपॉलिश आणि काही फवारे यांतील द्रावके प्लॅस्टिसायझरशी मिसळून पृष्ठभाग कायमचा चिकट करतात, त्यामुळे ते टाळावेत.

पॉलिमर क्ले हे प्लॅस्टिकच आहे आणि ते निसर्गात विरघळून जात नाही, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. म्हणूनच या माध्यमात टाकाऊ वस्तू करू नये. कच्चे तुकडे साठवून पुढच्या कामाच्या गाभ्यात वापरावेत आणि जे घडवायचे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकेल इतके नीट घडवावे. पहिल्या चौकटीसाठी दहा प्रकार जमवण्याऐवजी तिसरी किंवा कवडी अशी एकच जात निवडावी, तिचा एक शिंपला समोर ठेवून त्याच्या रेघा, रंग आणि काठ मन लावून पाहावेत आणि मगच क्लेला हात लावावा. ज्याला शिंपल्याची वाढ समजली त्याच्या हातून अनुकृती चांगली उतरते, आणि तो किनाऱ्यावरचे शंख घरी आणण्याच्या फंदात सहसा पडत नाही.